आरसीसीबी सारखी पडते म्हणून बायपास करताय? या चुका टाळा

डीबी, म्हणजे घराची स्विचांची मुख्य पेटी, उघडली की माझी नजर आधी आरसीसीबीच्या टर्मिनलांवर जाते. आरसीसीबी म्हणजे गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा नसेल, म्हणजे कुठे गळत असेल, तर पडून वीज तोडणारं स्विच. तिथे वायरीचा तुकडा वरून खाली आरपार टाकलेला दिसला की समजायचं, ती सारखी पडत होती आणि कुणीतरी वैतागून तिचं तोंड बंद केलं.

"एमसीबी आहे ना, मग काय बिघडतं?" बिघडतं ते असं. एमसीबी पडते ती वायरीतून ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की. 230 व्होल्टला शरीराचा रोध 1,000 ते 2,000 ओहम धरला, तर अंगातून जाणारा करंट साधारण 0.1 ते 0.2 अँपिअर. माणसाचा जीव घ्यायला तेवढा पुरतो, पण 16 अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तो 25-50 वॅटचा एक दिवा! एमसीबी वायरिंगला जपते, माणसाला नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीच हवी. 100 किंवा 300 ची असते ती गळतीतून लागणाऱ्या आगीसाठी. उलट आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात. आणि जमिनीशी संबंध न येता फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) दोन्ही हातात आले, तर आरसीसीबीसुद्धा गप्प बसते.

आता आरसीसीबी का पडते, ते शोधू. सगळ्या एमसीबी खाली करा, सगळे प्लग उपटून काढा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी, एकेक उपकरण लावत चला. गिझरचं एलिमेंट, पाण्यात भिजलेला पंप किंवा चिरलेली एक्स्टेन्शन वायर बहुतेकदा इथेच सापडते.

प्लगचं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायलाच हवा. बटण काय किंवा सिंगल पोल एमसीबी काय, तोडते फक्त फेज. कुठे न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर तो दोष सगळं बंद असतानाही तसाच राहतो. मग चांगल्या सर्किटवरचा निर्दोष पंखा लावला तरी परतीचा थोडा करंट अर्थिंगमधून निसटतो, आरसीसीबी पडते आणि खापर फुटतं पंख्यावर. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले असतील, तरी लोड येताच हेच होतं. अशा वेळी मेन बंद करून वायरमनकडून एकेक न्यूट्रल सोडवून मेगरने (जास्त व्होल्टेज लावून वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासून घ्या; मेगर लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक वस्तू मात्र काढून ठेवा.

काहीच सापडलं नाही तर? कॉम्प्युटरसारख्या उपकरणांची थोडी गळती कायमचीच असते. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी 15 मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकते, त्यामुळे दहा-पंधरा यंत्रं एकीवर असतील तर सर्किटं दोन-तीन आरसीसीबींवर वाटून द्या.

वर्कशॉपमधली नेहमीची चूक वेगळी. मोटर सुरू होताना एमसीबी पडते, म्हणून 16 काढून 32 अँपिअरची बसवतात. वायर तीच! मग वायर तापते आणि एमसीबी बघत बसते. मोटर सुरू होताना पूर्ण लोडच्या सहा-सात पट करंट ओढते. एमसीबी तिच्या अँपिअरच्या कितीपट करंटला झटक्यात पडते, ते तिच्या कर्व्हवर ठरतं: बी कर्व्ह 3 ते 5 पटीला पडते, सी 5 ते 10 ला, डी 10 ते 20 ला. म्हणजे बदलायचा तो कर्व्ह, अँपिअर नाही. मात्र डी लावण्याआधी शॉर्ट झाल्यावर तेवढा करंट लाइनमध्ये खरंच वाहील का, हे मोजून घ्यावं. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट ओढत राहिली की ती बंद करणारा) मोटरच्या नेमप्लेटवरच्या आकड्याला ठेवा. "पडू नये म्हणून" तो पूर्ण फिरवून ठेवलेला मी इतक्यांदा पाहिलाय, की आता बोलायचाही कंटाळा येतो.

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे लाइनमध्ये येणारा व्होल्टेजचा झटका अडवणारं उपकरण, लावलाय? त्याच्या खिडकीत लाल दिसत असेल तर तो संपलाय. त्याच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. लांब वळसे घातले तर उपयोग कमी होतो.

राहिलं टेस्टचं बटण. महिन्यातून एकदा दाबा. आरसीसीबी पडली नाही तर ती बदला. पडली तरी अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका: हे बटण अर्थिंगशिवायही काम करतं, अर्थिंग वेगळं मोजावं लागतं.