नागपुरात नवे आहात? आधी शनिवार-रविवारचं बघा

नोकरीसाठी किंवा शिकायला नागपुरात आलेल्या विशी-पंचविशीतल्या माणसाला पहिले दोन महिने फारसं काही जाणवत नाही. खोली, गॅस, गाडी, ऑफिस यांतच दिवस संपतो. चटका बसतो तो पुढे, एखाद्या शनिवारी दुपारी. वर्धा, अमरावती, भंडारा, चंद्रपूरकडची रूममेट मंडळी शुक्रवारी संध्याकाळीच घरी निघून गेलेली असतात. मूळ नागपूरकरांचा रविवार घरच्यांचा आणि शाळेपासूनच्या टोळक्याचा. लांबून आलेला माणूस खोलीत एकटा उरतो. जवळच्या जिल्ह्यातल्यांचं दुखणं उलटं आहे: दर आठवड्याला घरी पळालात तर वर्षभरानंतरही या शहरात तुमचं कुणी नसेल. घरी जा, पण एक आठवडा आड.

मैत्री स्वभावावर जमते असं आपण धरून चालतो. खरं तर ती बरीचशी तासांवर जमते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावा इतका जवळ यायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून जास्त, असं दिसलं. नुसत्या कामात एकत्र घालवलेल्या तासांचा उपयोग त्यात कमी. आता हिशेब करा. आठवड्यातून एकदा दोन तास भेटलात तर ५० तासांना सहा महिने लागतात. दोनदा भेटून त्यातल्या एका दिवशी सोबत जेवलात, म्हणजे आठवड्याला पाचेक तास झाले, तर अडीच महिन्यांत काम होतं. तिसऱ्या भेटीनंतर ‘काही जमत नाही’ म्हणून सोडून देणारे म्हणूनच फार लवकर सोडतात.

हे तास कुठून येणार ते खोली घेतानाच ठरतं. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग-आयटी भागात काम आहे म्हणून बेसा किंवा त्याच्याही पुढे स्वस्त फ्लॅट घेतला, की संध्याकाळी कुठे जायचं म्हटलं तरी गाडी काढायचा कंटाळा येतो. दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण खोली मेट्रो स्टेशनपासून पायी पोचण्यासारखी घ्या. जयप्रकाश नगर किंवा छत्रपती चौकातून मिहानजवळच्या खापरीकडे कामाला जाता येतं आणि सीताबर्डीला गाडी बदलून शंकर नगर, धरमपेठही गाठता येतं. मुलींना हे जास्त उपयोगाचं. होस्टेलचं फाटक बंद व्हायच्या वेळेत परतायचं तर दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहावं लागत नाही.

डबा लावू नका, खानावळीत जाऊन जेवा. डबा दाराशी येतो आणि माणूस मोबाइल समोर धरून जेवतो. खानावळीत रोज साडेआठला तेच चार चेहरे दिसतात. सकाळच्या तर्री पोह्यांचंही तसंच. आज इथे, उद्या तिथे असं चाखत फिरू नका. घराजवळचा एक ठेला धरा आणि ठरलेल्या वेळी जा. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वरून कांदा आणि चिवडा पडेपर्यंत दोन-तीन मिनिटं उभं राहावंच लागतं. शेजारी रोज तोच माणूस उभा असेल तर आठवडाभरात मान हलते, दुसऱ्या आठवड्यात ‘का भाऊ, आज उशीर?’ येतं. अभ्यासिका लावली असेल तर ओळख आत टेबलावर होत नाही, बाहेरच्या चहावर होते. ठराविक वेळी उठा आणि शेजारच्यालाही विचारा.

इथवर येऊन बहुतेकजण अडकतात, कारण पुढचं पाऊल बोलावण्याचं असतं. ‘कधीतरी भेटू’ला नागपुरी उत्तर ठरलेलं आहे: ‘पाहू ना.’ त्यात नकार असेलच असं नाही, पण भेटही नाही. दिवस, वेळ, जागा आणि शेवट, चारही सांगा. ‘शनिवारी सकाळी सातला फुटाळा तलावावर, अर्धा तास चालू, मग पोहे, नऊला मोकळे.’ कधी सुटू हे माहीत असलं की माणूस हो म्हणतो. दोनदा नाही आलं तर त्याला सोडा, तिसऱ्यांदा दुसऱ्याला विचारा. मूळ नागपूरकराला रविवारी बोलावू नका, बुधवारी संध्याकाळी बोलवा. रविवार बाहेरून आलेल्यांसोबत जमतो. गटात एकाला मराठी येत नसलं की बोलणं हिंदीवर जातं. जाऊ द्या.

आपल्या गावाकडच्यांचा व्हॉट्सॲप गट खोली शोधायला, औषधपाण्याला कामाचा. तेवढ्यावर थांबलात तर शहर परकंच राहतं. आणि पहिल्या तीन महिन्यांत उसने पैसे देऊ-घेऊ नका. नव्या ओळखी तुटायला एवढं एक कारण पुरतं.

सोबत काम केल्याने अवघडलेपण लवकर जातं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा पाणी आणि जेवण वाटायला संस्थांना हात लागतात. तिथे पाच तास उभं राहून जी ओळख होते ती कॅफेत पाच भेटींत होत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. ती एकट्याने बघू नका, ऑफिसातल्या नागपूरकराला ‘दाखव’ म्हणा. आपलं शहर दाखवायला इथला माणूस कामं बाजूला ठेवतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर हा उपाय पुरणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

उन्हाळ्याची तजवीज मार्चमध्येच करा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो, सातची चाल कुणालाच झेपत नाही आणि हिवाळ्यात जमलेले गट इथेच फुटतात. वेळ साडेपाचवर आणा किंवा रात्री जेवणानंतर भेटा. तेही नको असेल तर ज्याच्या खोलीत मोठा कूलर आहे त्याच्याकडे पत्ते मांडा. टाकीत पाणी भरायची पाळी मात्र आधीच ठरवून घ्या.