वायोमिंग नवीन राज्य झालं तेव्हाचं वाचायचंय? बंदुकीवरनं नको, पाण्यावरनं सुरू करा

अमेरिकेच्या पश्चिमेकडची राज्यं म्हटलं की आपण डायरेक्ट काउबॉय आणि गोळीबारावर जातो, मी पण तसंच केलं आणि कोण कुणावर का चिडलंय तेच कळंना.

आधी आकार डोक्यात बसवा. वायोमिंग महाराष्ट्रापेक्षा थोडंच लहान, १० जुलै १८९० ला ४४ वं राज्य झालं, त्या वर्षीच्या जनगणनेत माणसं फक्त ६२,५५५. आपलं कोल्हापूर शहर २०११ लाच साडेपाच लाखाच्या घरात होतं. बायकांना मत १८६९ पासूनचं, राज्य होतानाही ते काढलं नाही, भारी आहे पण ते कुठंही वाचायला मिळतंय, पुढं चला.

आता पाणी, इथं वेळ काढा. राज्यघटनेतच लिहिलंय की ओढ्या-नद्यांचं पाणी राज्याच्या मालकीचं, आणि त्यावर देखरेख स्टेट इंजिनिअरची (म्हणजे राज्याचा पाण्याचा मुख्य अधिकारी), पहिला एलवुड मीड. ज्यानं आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी. कळत नसेल तर आपल्या गावचा केटी बंधारा घ्या (केटी म्हणजे कोल्हापूर टाइपच की), कागदावर सगळ्या मोटारी लिहा, पुढं कनेक्शनचं साल, आणि पाणी कमी पडलं की सगळ्यात नवी मोटार पहिली बंद करा, ती वरच्या अंगाला असली तरी. आमच्या मामाचं रान टेलला (पाणी शेवटी पोचतं तिथं), मोटार जुनी, ऐकून म्हटला हा कायदा इकडं आणा की लेका.

मग जनावरं. १८८६-८७ च्या थंडीत गुरं ढिगानं मेली, बडे मालक खचले, त्यात छोटे शेतकरी रानं धरून बसायला लागले, मालक त्यांना सरसकट गुरंचोर म्हणायला लागले. एप्रिल १८९२ मध्ये मालकांनी टेक्सासहून भाड्यानं माणसं आणली, राजधानी शायेनहून स्पेशल ट्रेननं कॅस्परपर्यंत नेली आणि जॉन्सन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) दोघांना मारलं. मग गावकऱ्यांनीच त्यांना टीए रँचवर घेरलं, तर प्रेसिडेंट हॅरिसनच्या घोडदळानं येऊन सोडवलं. खटल्याचा खर्च काउंटीला झेपेना, १८९३ च्या जानेवारीत सगळे सुटले.

तिथल्या स्टेट लायब्ररीच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत. एप्रिल १८९२ चा एक शायेनचा आणि एक जॉन्सन काउंटीतल्या बफेलो गावचा शेजारी उघडा, आणि कोण कुणाला चोर म्हणतंय तिथं पेन्सिलनं वहीत खूण करत जा.