वळवाच्या आधी परसातली झाडं बुडापासून एकदा बघून घ्या

झाड बिघडलंय का हे बघायचं म्हटलं की आपण सगळे मान वर करतो, चार पानं पिवळी दिसली की घरात चर्चा सुरू, झाड वाळायलंय म्हणून, मग दुकानातनं कसलं तरी औषध आणून फवारायचं. पण मोठ्या झाडांची मोठी दुखणी बहुतेक बुडात नाहीतर खोडात असतात आणि शेंड्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यामुळं एप्रिलात वळीव सुरू व्हायच्या आधी प्रत्येक झाडाभोवती एक चक्कर मारा आणि नजर खालून वर न्या.

आधी उगाच घाबरायच्या गोष्टी बाजूला काढू. फेब्रुवारी-मार्चातली पानगळ आजार नव्हे. आंब्याची तांबूस पालवी आजार नव्हे. बेळगावजवळ खानापूर, जांबोटी बाजूला खोडावर राखाडी-पांढरे खपले दिसतात ते दगडफूल, झाडाला काही करत नाही, राहू दे की. खोडावर वाळवीची माती चढली तर ती खरडून टाका, ती जास्त करून मेलेली साल खाते, पण खरडल्यावर खालची साल अंगठ्यानं दाबून बघा, भुसभुशीत लागली तर आत वेगळंच काही चाललंय.

आता बुड. खोड जमिनीत शिरताना रुंद होत जायला पाहिजे, मुळं फुटायच्या जागा दिसायला पाहिजेत. ते खांब रोवल्यासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर समजा कोणीतरी वर भराव टाकलाय. बेळगावात नवीन घर बांधताना हे हमखास होतं, प्लॉट उंच करायला मुरूम ओततात, वर पेव्हर बसवतात, आणि जुनं फणसाचं झाड तसंच मध्ये ठेवतात, सावलीला. मुळांना हवा नाही, पाणी नाही. झाड लगेच काही बोलत नाही, दोन-चार वर्षांनी शेंड्याकडनं वाळायला लागतं आणि आपण तेव्हा खत घालतो, ज्याचा उपयोग शून्य. बुडाची माती हातानं मोकळी करा, पेव्हर निदान हातभर तरी लांब घ्या. कपडे वाळत घालायची तार खोडाला गुंडाळलेली असेल तर तीही सोडवा, ती सालीत रुतली की खाली मुळं उपाशी राहतात.

बुंध्याला लाकडासारखी कडक, अर्धगोल अळंबी आलीय का बघा, गुलमोहराला विशेष. ती लाथेनं पाडून काही होत नाही कारण बुरशी आत मुळापर्यंत गेलेली असते, बाहेर दिसतंय ते तिचं फळ. लाकडी दांड्यानं खोड ठोकत गोल फिरा, एका बाजूला आवाज पोकळ आला तर त्या झाडाखाली गाडी लावू नका.

आंब्याचं सगळ्यात वाईट दुखणं खोडकिडा, काही लोक भिरूड म्हणतात. लांब मिशांचा भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो, आतली पांढरी जाड अळी लाकूड पोखरत जाते, आणि बाहेर खूण एवढीच, बुडाशी किंवा फांदीच्या बेचक्यात करवतीनं कापल्यासारखा भुसा पडलेला, जवळ एक भोक आणि त्यातनं गळणारा चिकट काळपट रस. भुसा झाडून टाका आणि दोन दिवसांनी परत बघा. ताजा पडला असेल तर अळी आत जिवंत आहे. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून भोकात घाला, अळी ओढून काढा, नाही आली तर आतच टोचा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस आत सारून वरनं चिखलानं घट्ट लिंपा. सरसकट फवारणीनं ही अळी मरत नाही, ती आत आहे ओ, औषध बाहेर.

नारळाच्या झावळ्या कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या तर गेंडा भुंगा. तो शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, म्हणून झाडाच्या शेजारी उकिरडा नको. पण खोडातनं तपकिरी रस गळतोय, कान लावला की आत कुरकुर ऐकू येते आणि मधला कोंब मलूल झालाय, तर तो सोंड्या भुंगा, तिथं एक दिवसही थांबू नका, माहीतगार माणूस बोलवा.

लिंबूच्या झाडाच्या बुडाला डिंक आला की पाणी खोडाला लागतंय. आळं खोडापासून लांब घ्या, कुजलेली साल चाकूनं खरडा आणि बोर्डो पेस्ट लावा (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी नको. घरी एक-दोन झाडं असतील तर याचा दहावा हिस्सा पुरे). आंब्यावर बांडगूळ दिसलं तर त्याला फळं धरायच्या आधीच फांदीसकट खाली फूटभर अंतर ठेवून कापा, पक्षी ते सगळीकडं पसरवतात.

पानांचं थोडक्यात. जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र कमी. कोवळी पिवळी पण शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही, अथणीकडच्या चुनखडी काळ्या जमिनीत हे नेहमीचं. पानांवर काळी काजळी आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल तर वर मावा, तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण बसलेत, काजळी पुसत बसू नका, त्यांचा बंदोबस्त करा. कडुनिंबाचे शेंडे भाजल्यासारखे वाळलेले दिसले तर लगेच कुऱ्हाड काढू नका, असली बरीच झाडं परत फुटतात. जिवंत आहे का कळायला डहाळी नखानं खरवडा, खाली हिरवं ओलं दिसलं तर आहे.

शेवटी कललेलं झाड. वर्षानुवर्षं कललेलं आणि शेंडा परत वर वळलेला असेल तर काळजी नाही. यंदाच्या पावसात कललंय आणि कलाच्या उलट बाजूला जमिनीत भेग पडलीय, माती उचललीय, तर त्याच दिवशी पोरांना लांब ठेवा. जवळनं वीजतार जात असेल तर स्वतः चढू नका, हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, सांगून लाइन बंद करून घ्या. कापायचंच झालं तर कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं बऱ्याच जातींना परवानगी लागते, झाड आपल्या कंपाउंडात असलं तरी, म्हणून आधी वनखात्यात विचारा. आजाराचं निदान होत नसेल तर तालुक्याच्या बागायत खात्यात जा, बोर्डावर कन्नडमध्ये तोटगारिके इलाखे लिहिलेलं असतं, आणि जाताना नुसती पानं नेऊ नका, बुडाचा फोटो आणि थोडा भुसा कागदात बांधून न्या.