ताऱ्याचा वेग मोजायला शिकताना

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन खगोलशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक समज हमखास आढळतो. तारा आपल्यापासून दूर जात असेल तर तो तांबडा दिसतो आणि जवळ येत असेल तर निळा, असे त्यांना वाटत असते. खुद्द ख्रिस्तियन डॉप्लर यांनीही 1842 साली जोडताऱ्यांचे निरनिराळे रंग त्यांच्या वेगामुळे असावेत, असे मांडले होते. उगम दूर जाताना प्रकाशाची तरंगलांबी वाढते आणि जवळ येताना घटते, हे त्यांचे तत्त्व बरोबर होते, पण त्याचा हा वापर चुकीचा ठरला. ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून असतो. वेगामुळे जे सरकताना मोजता येते, त्या वर्णपटातल्या शोषणरेषा, म्हणजे ताऱ्याच्या वातावरणातल्या मूलद्रव्यांनी ठरावीक तरंगलांब्यांचा प्रकाश शोषल्याने उमटलेल्या काळ्या रेषा, असतात, आणि विल्यम हगिन्स यांनी 1868 साली व्याधाच्या वर्णपटात नेमके तेच पाहण्याचा प्रयत्न केला.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हा विषय घेतला, तेव्हा मला सर्वांत उपयोगी पडला तो पदवीच्या प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवा. वर्णपटमापीच्या नेत्रिकेतून पाहताना जाळीच्या दुसऱ्या क्रमाच्या वर्णपटात पिवळ्या रेषेच्या दोन रेषा झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या विषयाचे माप हातात मिळालेले असते. त्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर असतात, म्हणजे त्यांच्यातले अंतर 0.6 नॅनोमीटर. आता रोहिणी घ्या. हा तारा सेकंदाला सुमारे 54 किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जातो आहे, आणि त्याच्या वर्णपटात सोडियमच्या याच दोन रेषा काळ्या दिसतात. वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागून तरंगलांबीने गुणले की सरकण्याचे माप येते 0.106 नॅनोमीटर, म्हणजे त्या दोन रेषांमधल्या अंतराचा जेमतेम सहावा हिस्सा. हे गणित सॉफ्टवेअरकडे सोपवण्याआधी एकदा तरी कागदावर करावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण उत्तर केवढे यायला हवे याचा अंदाज त्यातूनच बसतो.

खरे काम मात्र यानंतर सुरू होते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरते आणि रोहिणी क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, जवळ आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे ती पहाटेच्या आकाशात असते तेव्हा, आपण तिच्या दिशेने जात असतो आणि मोजलेला वेग 24 च्या आसपास येतो; मार्चच्या सुरुवातीला, ती संध्याकाळी दिसते तेव्हा, आपण तिच्यापासून दूर जात असतो आणि तोच आकडा 84 च्या आसपास जातो. ताऱ्यात काहीही बदललेले नसते. म्हणून निरीक्षणाची तारीख, वेळ आणि दुर्बिणीचे स्थान यांवरून आपली स्वतःची गती वजा करून वेग सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या संदर्भात सांगावा लागतो. पायथनमधील ॲस्ट्रोपायसारखे साधन ही दुरुस्ती एका ओळीत देते, परंतु मिळालेल्या संचिकेत (फाइलमध्ये) ती आधीच केलेली आहे की नाही, हे शीर्षनोंदीत (हेडरमध्ये) पाहणे आपल्याच हाती असते.

दुसरी बाब याहून छुपी आहे. प्रयोगशाळेत पाठ केलेली 589.0 ही तरंगलांबी हवेतली आहे. निर्वातात तीच 589.16 होते. अनेक सर्वेक्षणांचे वर्णपट निर्वातातील तरंगलांब्यांत दिलेले असतात. हे न पाहता वजाबाकी केली तर सेकंदाला सुमारे 83 किलोमीटरचा खोटा वेग उत्तरात मिसळतो, म्हणजे रोहिणीच्या खऱ्या वेगाहूनही जास्त.

मुंबईत राहून हे शिकता येईल का, असे मला नेहमी विचारले जाते. शहराच्या उजेडाची आणि पावसाळी आकाशाची अडचण या अभ्यासाला येत नाही, कारण युरोपीय सदर्न ऑब्झर्व्हेटरीसारख्या संस्थांच्या संग्रहातले वर्णपट कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात; फक्त जास्त विभेदनक्षमतेचे, म्हणजे जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवणारे, निवडावेत. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील व्याख्यानांना आणि विद्यार्थी उपक्रमांना पदवीच्या वर्षांपासूनच जावे. पुढे पीएच.डी. करायची असेल, तर जेस्टसारख्या प्रवेशपरीक्षेची तयारी वेळेत सुरू करावी.

ग्रहांच्या शोधाचे आकर्षण सर्वांनाच असते. 1995 साली मायोर आणि केलोझ यांनी 51 पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह याच पद्धतीने, म्हणजे ग्रहाच्या ओढीने ताऱ्याच्या वेगात होणाऱ्या चढउतारावरून, शोधला, पण तिथला चढउतार सेकंदाला साठ मीटरांहूनही कमी आहे आणि पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा वेग तर सेकंदाला केवळ 9 सेंटिमीटर. रोहिणीनंतर लगेच तिकडे न जाता सप्तर्षीतला वसिष्ठ घ्यावा. दुर्बिणीतून दिसणाऱ्या त्याच्या दोन घटकांपैकी तेजस्वी घटक स्वतःच जोडतारा आहे, हे 1889 साली वर्णपटावरूनच कळले. त्याच्या रेषा दुभंगतात, पुन्हा एकत्र येतात आणि हा क्रम साधारण साडेवीस दिवसांच्या परिभ्रमणकाळात पुरा होतो. वेगवेगळ्या तारखांचे वर्णपट घेऊन दोन्ही ताऱ्यांच्या वेगांचा आलेख काढला, की दोघांचे चढउतार जवळजवळ सारखे निघतात; त्यावरून दोघांची वस्तुमानेही जवळजवळ सारखी आहेत, हा निष्कर्ष विद्यार्थ्याला स्वतःच्या आकड्यांतून काढता येतो.