दात घासता घासता घोट्याचा व्यायाम

एकदा पाय मुरगळला की तोच घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो. तोल सांभाळण्याचे व्यायाम माहीत असतात, पण चार दिवसांत विसरले जातात. माझेही विसरायचे, म्हणून ते दात घासण्याला जोडून टाकले. आता वेगळा वेळ काढावा लागत नाही.

1. अनवाणी उभे राहा. फरशी कोरडी हवी आणि ओटा किंवा बेसिन हाताशी हवं. ओल्या बाथरूममध्ये मुळीच नको.

2. कमजोर पायावर 30 सेकंद उभे राहा, मग पाय बदला. दोन मिनिटांच्या ब्रशमध्ये दोन्ही पायांच्या दोन-दोन फेऱ्या होतात. गुडघा किंचित सैल ठेवा. टाच, अंगठ्याचा बुडखा आणि करंगळीचा बुडखा, तिन्ही जमिनीला टेकलेले हवेत. घोटा थरथरतो, तो थरथरू द्या. व्यायाम तोच आहे.

3. हे सोपं वाटू लागलं की डोळे मिटून करा. इथे भलेभले डगमगतात, 10 सेकंद जमले तरी पुष्कळ. मात्र डोळे मिटायचे ते चूळ भरून झाल्यावर, ब्रश तोंडात असताना नाही!

4. त्यानंतर चौघडी केलेल्या सतरंजीवर, पुन्हा डोळे उघडे ठेवून.

पाय नुकताच मुरगळला असेल, सूज असेल, तर हे करू नका. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी डॉक्टरांना दाखवा; एक्स-रे लागू शकतो.