सीए इंटर : अभ्यास होतो तरी अटेम्प्ट जातो, या चुका टाळा

सीएच्या परीक्षेतल्या मधल्या टप्प्याला, म्हणजे इंटरला, नापास होणाऱ्यांमध्ये अभ्यासच न केलेली मुलं थोडी असतात. आर्टिकलशिपसाठी (सीएच्या हाताखालच्या प्रशिक्षणासाठी) चौकशी करायला किंवा आधीच्या अटेम्प्टचं मार्कशीट घेऊन सल्ला विचारायला आमच्या ऑफिसात मुलं येतात, त्यांच्याशी बोलताना हे लगेच जाणवतं. तरतूद विचारली तर सांगतात, सूत्र विचारलं तर येतं. मग कोरा कागद देऊन १४ मार्कांचा एक प्रश्न घड्याळ लावून सोडवायला सांगितला की गाडी अडते. वाचलेलं आपल्याला लिहिता येतं की नाही, हे त्यांना पहिल्यांदा परीक्षा हॉलमध्येच कळलेलं असतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

नुसती लेक्चरं संपवत बसणं

फाउंडेशननंतर (सीएच्या पहिल्या परीक्षेनंतर) इंटरला बसेपर्यंत किमान आठ महिने मिळतात. सहा पेपर, दोन ग्रुप. या आठांतले सहा-सात महिने बरीच मुलं लेक्चरं बघण्यात घालवतात, शेवटी शेवटी तर दुप्पट वेगाने. बॅकलॉग भरून काढल्याचं समाधान मिळतं, पण हात चाललेला नसतो. सर गणित सोडवतात ते बघताना सगळं समजतं. तेच गणित दुसऱ्या दिवशी वही मिटून सोडवायला घेतलं की पहिल्या वर्किंग नोटलाच (उत्तरामागच्या आकडेमोडीलाच) अडतं.

उपाय साधा आहे, फक्त रोज करावा लागतो. जो धडा झाला, त्यातली दोन उदाहरणं त्याच दिवशी उत्तर न बघता पूर्ण सोडवा. कॉस्टिंगचं प्रोसेस कॉस्टिंग असो की अकाउंट्समधलं अमाल्गमेशन (कंपन्यांचं विलीनीकरण), फॉरमॅट आखण्यापासून शेवटच्या बेरजेपर्यंत सगळं हाताने. क्लासच्या नोट्स कितीही चांगल्या असल्या तरी इन्स्टिट्यूटचं (परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयचं) स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) आणि मागच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स (इन्स्टिट्यूटचीच नमुना उत्तरं) सोडू नका. सजेस्टेडमध्ये उत्तर किती लांब लिहिलंय, निष्कर्ष कुठे दिलाय, वर्किंग नोट कशी मांडलीय, ते बारकाईने बघा. तपासणाऱ्याला काय हवं आहे याचा याहून चांगला नमुना नाही, आणि तो फुकट आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांची पाठांतराची चूक

ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच देता येते. लातूर, बीड, सांगली, सोलापूरकडची मराठी माध्यमातली मुलं लॉ आणि ऑडिटच्या पेपरला घाबरतात आणि पानंच्या पानं इंग्रजीतून घोकतात. परीक्षेत तिसरं वाक्य आठवत नाही आणि त्यामागची पुढची सात वाक्यंही जातात. या मुलांबद्दल मला फार वाटतं, कारण समज त्यांची कमी नसते.

तरतूद आधी मराठीतून समजून घ्या, घरी कोणाला तरी मराठीतच समजावून सांगा. मग त्या तरतुदीतले बदलता न येणारे शब्द तेवढे इंग्रजीतून जसेच्या तसे पाठ करा. ऑडिटमध्ये ‘सफिशियंट अप्रोप्रिएट ऑडिट एव्हिडन्स’, ‘ट्रू अँड फेअर व्ह्यू’, ‘मटेरियल मिसस्टेटमेंट’ असे शब्द उत्तरात आलेच पाहिजेत. बाकीची वाक्यं छोटी आणि साधी चालतात. भाषेचा फुलोरा बघून इथे कोणी मार्क देत नाही.

लॉच्या उत्तरात थेट हो किंवा नाही

एक उदाहरण घेऊ. एका सीए बाईंना एका कंपनीचं ऑडिटर नेमायचं आहे. त्यांच्या नवऱ्याकडे त्या कंपनीचे शेअर आहेत. त्यांचं दर्शनी मूल्य ९०,००० रुपये, बाजारभाव २,४०,००० रुपये. नेमणूक चालेल का?

बरीच मुलं लिहितात, ‘नवरा नातेवाईक आहे, म्हणून त्या अपात्र.’ काही जण मर्यादा आठवून लिहितात, ‘एक लाखाच्या वर जातं, म्हणून अपात्र.’ दोन्ही चूक. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४१(३) प्रमाणे ऑडिटर, त्याचा नातेवाईक किंवा भागीदार यांच्याकडे कंपनीचे शेअर असतील तर तो अपात्र ठरतो. पण नातेवाइकाला एक लाख रुपये दर्शनी मूल्यापर्यंत सूट आहे. बाजारभावाचा संबंध नाही. ९०,००० मर्यादेत बसतात, म्हणून नेमणूक चालेल. शेअर त्यांच्या स्वतःच्या नावावर असते तर मात्र एक शेअरही अडचणीचा ठरला असता.

उत्तर याच क्रमाने लिहायचं: आधी तरतूद, मग दिलेली परिस्थिती तिला लावून दाखवायची, मग निष्कर्ष. निष्कर्ष चुकला तरी तरतूद बरोबर असेल तर मार्क मिळतात. नुसतं ‘अपात्र’ लिहिलं तर तपासणाऱ्याच्या हातात द्यायलाच काही उरत नाही. कलमाचा आकडा नक्की आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, ‘कंपनी कायदा, २०१३ च्या तरतुदींनुसार’ एवढं पुरतं. चुकीचा आकडा तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो.

बॅलन्स शीट टॅली करत बसणं

अडव्हान्स्ड अकाउंटिंगमध्ये सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

गणित बघा. पेपर तीन तासांचा, त्यात ३० मार्कांचे एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) आणि ७० मार्कांची लेखी उत्तरं. एमसीक्यूंना ४० मिनिटं दिली तर उरलेल्या १४० मिनिटांत ७० मार्क, म्हणजे एका मार्काला दोन मिनिटं. १४ मार्कांच्या प्रश्नाला २८ मिनिटं. या प्रश्नात बॅलन्स शीट ६,००० रुपयांनी टॅली होत नाही आणि मूल फरक शोधायला बसतं. वीस मिनिटं जातात. फरक सापडला तर एक-दोन मार्क वाढतात. तेवढ्याच वीस मिनिटांत पुढच्या प्रश्नाचे दहा मार्क लिहून झाले असते.

अकाउंट्समध्ये मार्क टप्प्याटप्प्याने मिळतात. गुडविलची वर्किंग नोट बरोबर असेल तर तिचे मार्क तुमचेच, खाली बॅलन्स शीट जुळो न जुळो. म्हणून वर्किंग नोट्सना क्रमांक द्या, उत्तरात त्या क्रमांकाचा उल्लेख करा, आणि कच्चं काम म्हणून शेवटच्या पानावर पेन्सिलीने करून ठेवू नका. दोन मिनिटांत फरक दिसला तर ठीक, नाहीतर पुढे व्हा. आकडे जुळावेत म्हणून मधेच खोटी रक्कम घुसवू नका. ती लगेच ओळखू येते.

जास्तीचा प्रश्न तसाच ठेवणं

इंटरच्या बहुतेक पेपरांत पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले चार सोडवायचे असतात. काही मुलं वेळ उरला म्हणून पाचवाही सोडवतात आणि ‘चांगले चार धरतील’ असं समजतात. तसं धरत नाहीत. उत्तरपत्रिकेत आधी लिहिलेले आवश्यक तेवढेच प्रश्न तपासले जातात, नंतरचा जास्तीचा सोडून दिला जातो. म्हणजे आधी अर्धवट सोडलेला प्रश्न मोजला जातो आणि शेवटी नीट लिहिलेला वाया जातो. जास्तीचा लिहिलाच असेल तर कमजोर उत्तरावर स्पष्ट काट मारा.

हे टाळण्यासाठीच पेपरच्या आधी १:४५ ते २:०० अशी पंधरा मिनिटं वाचनासाठी मिळतात. या वेळात पहिला प्रश्न सोडवायची घाई करू नका. पाचांतला कोणता एक सोडायचा, एवढंच ठरवा. तो निर्णय पक्का झाला की अर्धी घालमेल तिथेच संपते.

एमसीक्यूंबद्दल दोनच गोष्टी. इंटरला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही गोळा मोकळा सोडू नका. आणि ओएमआर शीट (जिच्यावर उत्तरांचे गोळे रंगवायचे ती) शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवू नका, घाईत एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात.

परीक्षेसाठी नवा कॅल्क्युलेटर

नियमाप्रमाणे बॅटरीवर चालणारा, जास्तीत जास्त १२ अंकी, सहा फंक्शन आणि दोन मेमरीपर्यंतचा साधा कॅल्क्युलेटर चालतो. सायंटिफिक नाही. मुलं नियम पाळतात, पण परीक्षेच्या आठवड्यात नवा, वेगळ्या कंपनीचा घेतात.

त्यात अडचण कुठे येते ते सांगतो. फायनान्शियल मॅनेजमेंटमध्ये १०% दराने तीन वर्षांचे डिस्काउंट फॅक्टर (पुढच्या रकमेची आजची किंमत काढायचे गुणक) हवेत. काही कॅल्क्युलेटरवर १ ÷ १.१ करून ‘=’ तीनदा दाबलं की ०.९०९१, ०.८२६४, ०.७५१३ असे ओळीने येतात आणि जीटी (ग्रँड टोटल) दाबलं की २.४८६९ ही बेरीज मिळते. कॅसिओच्या बऱ्याच डेस्क मॉडेलवर मात्र १.१ ÷ ÷ १ असं दाबून मग ‘=’ दाबायचं असतं. सवय एकाची आणि हातात दुसरा असला तर आकडे चुकतात आणि चूक कुठे झाली तेही समजत नाही. ज्यावर वर्षभर सराव केला तोच न्या. दुसरा न्यायचाच तर त्याच मॉडेलचा.

सीनियरच्या पुस्तकावर टॅक्सचा अभ्यास

टॅक्सेशनच्या पेपरात ५० मार्क प्राप्तिकराचे आणि ५० जीएसटीचे. दोन्हीकडे गेल्या काही काळात मोठे बदल झाले. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले, आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. परीक्षेच्या दिवशी जो कायदा चालू असतो तोच पेपरला असतो असं नाही. कोणत्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या, हे इन्स्टिट्यूट स्वतंत्रपणे जाहीर करते. अभ्यास सुरू करताना पहिलं काम ते वाचण्याचं, आणि आरटीपीमधल्या दुरुस्त्या शेवटच्या महिन्यात पुन्हा बघायच्या.

गणितात हमखास चुकणारी जागा म्हणजे नवी आणि जुनी करप्रणाली. प्रश्नात वेगळं काही सांगितलं नसेल तर नवी धरायची. पगारदाराला नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट ७५,००० रुपये, जुन्या प्रणालीत ५०,०००. नव्या प्रणालीत एलआयसी-पीपीएफची वजावट नाही. मुलं वर ७५,००० घेतात आणि खाली सवयीने पीपीएफही वजा करतात. उत्तराच्या पहिल्याच ओळीत कोणती प्रणाली धरली ते लिहायची सवय लावा, मग अशी सरमिसळ होत नाही.

पास होण्याचं गणितच नीट माहीत नसणं

प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याचा अर्थ मात्र अनेकांनी मांडून बघितलेला नसतो. ४०, ४५ आणि ६२ मार्क मिळाले तर बेरीज १४७, ग्रुप गेला तीन मार्कांनी. ७२, ५५ आणि ३८ असतील तर बेरीज १६५, तरी ग्रुप गेला, कारण एका पेपरला ४० नाहीत.

पहिल्या उदाहरणात ६२ च्या पेपरला एक्झम्प्शन (तो पेपर पुन्हा न देण्याची सूट) मिळतं आणि ते पुढच्या तीन अटेम्प्टना चालतं. ते ६२ पुढच्या वेळी बेरजेतही धरले जातात. म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८ पुरेत, प्रत्येकी किमान ४० हवेत एवढंच. दोन्हीत ५० हवेतच असं समजून मुलं उगाच घाबरतात.

दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत का? सहाही पेपरांत ४० असतील आणि बेरीज ३०० झाली तर दोन्ही ग्रुप एकदम निघतात, मग एका ग्रुपमध्ये १४० का असेनात. हा फायदा खरा आहे. पण सहाही विषयांची किमान दोन रिव्हिजन होत नसतील तर एक ग्रुप घ्या. आता इंटरची परीक्षा वर्षातून तीन वेळा होते, त्यामुळे दुसऱ्या ग्रुपसाठी फार थांबावं लागत नाही. नातेवाइकांत सांगायला बरं दिसतं म्हणून दोन्ही ग्रुपचे फॉर्म भरू नका.

निकालानंतर नुसतं ‘अजून अभ्यास करायचा’ ठरवणं

अटेम्प्ट गेला की आधी मार्कशीटवर थोडा वेळ घालवा. लॉ, ऑडिटसारख्या पेपरांना ३५-३८ आणि गणिताच्या पेपरांना ५५-६० असतील तर लिहिण्याची पद्धत चुकते आहे, पुन्हा क्लास लावून उपयोग नाही. उलट असेल तर सराव आणि वेळेचं नियोजन कमी पडतंय. सगळीकडे ४२ ते ४८ असतील तर बहुधा सगळं एकेकदाच वाचून झालंय, रिव्हिजन झालेली नाही.

अंदाजावर थांबू नका. ठरलेल्या मुदतीत अर्ज करून आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. ती आली की शेजारी सजेस्टेड आन्सर ठेवून एकेक प्रश्न तपासा, तेही एखाद्या सीए झालेल्या दादा-ताईंबरोबर बसून. व्हेरिफिकेशनमध्ये फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात, पेपर पुन्हा तपासत नाहीत, त्यामुळे त्यावर आशा लावून पुढचे दोन महिने वाया घालवू नका. उत्तरपत्रिकेची प्रत हातात येईपर्यंत पुढच्या अटेम्प्टचा फॉर्म भरायची तारीख जवळ आलेली असते. तारीख आजच लिहून ठेवा, आणि प्रतीची वाट बघत असतानाच रोज एक प्रश्न घड्याळ लावून लिहायला सुरुवात करा.