पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये कसं दाखवायचं

ग्रीन कार्ड असो, सिटीझनशिप असो की एच-वन-बीवर टॅक्स रेसिडेंट झालेले असा, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. पैसे एनआरओ खात्यातच (एनआरआयचं भारतातलं उत्पन्न जमा होणारं बँक खातं) पडून आहेत, डॉलर केलेच नाहीत, म्हणून सुटलो असं होत नाही. भारत त्यावर टॅक्स लावतो, अमेरिकाही लावते, आणि भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट अमेरिका देते, म्हणजे तो तिथल्या टॅक्समधून वजा होतो, एवढी रचना डोक्यात पक्की करा.

सगळ्यात आधी एक्सेल शीट काढा आणि महिनावार लिहा, कारण भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, वार्षिक बेरीज केलीत तर नंतर सगळं परत उसवावं लागतं. भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा टॅक्स, रिपेअर, एजंटचं ब्रोकरेज, लोनचं व्याज, सगळं टाका. रुपयांचे डॉलर करायला आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) दरवर्षी सरासरी रेट देते, तो चालतो. भाडेकरूचं डिपॉझिट परत द्यायचंय तोवर ते उत्पन्न धरू नका.

मग शेड्यूल ई, म्हणजे अमेरिकेच्या रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा फॉर्म. भारतात महापालिका टॅक्स वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के सूट मिळते, ती इथे अजिबात नाही. इथे खरा झालेला खर्च लागतो, म्हणजे भारतात वेगळा न मिळणारा मेंटेनन्सही इथे वजा होतो. त्यात डेप्रिसिएशन, म्हणजे घराची किंमत ठरलेल्या वर्षांत विभागून दरवर्षी थोडी थोडी वजा करणं, आणि हे कृपा करून सोडू नका: परदेशातलं घर २०१८ पासून भाड्याने द्यायला लागला असाल तर ३० वर्षं, त्याआधीपासून असेल तर ४०. किमतीतून जमिनीचा वाटा काढायचा आणि खरेदीच्या वेळचा डॉलरचा रेट घ्यायचा. तुम्ही घेतलं नाहीत तरी फ्लॅट विकताना आयआरएस ते घेतलंच असं धरते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता फॉर्म १११६, म्हणजे क्रेडिट, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. मालक एनआरआय असेल तर भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. समजा भाडं महिना ३०,००० म्हणजे वर्षाचे ३,६०,०००, टीडीएस गेला १,१२,३२०. पण महापालिका टॅक्सचे १०,००० वजा केले आणि वर ३० टक्के सूट घेतली की उरतात २,४५,०००, भारतात दुसरं काही उत्पन्न नसेल तर यावर टॅक्स शून्य. म्हणजे सगळा टीडीएस आयटीआर-२ (भारतातलं रिटर्न) भरून रिफंड मागायचा आणि अमेरिकेत क्रेडिटही शून्यच! कापलेल्या टीडीएसचा आकडा जसाच्या तसा १११६ मध्ये टाकायचा नाही, भारतात शेवटी जेवढा टॅक्स लागला तेवढाच टाकायचा. आधीच टीडीएस टाकून बसला असाल आणि नंतर रिफंड आला तर १०४०-एक्स (दुरुस्तीचा फॉर्म) भरून ते अमेरिकेचं रिटर्न दुरुस्त करा.

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी एक, तिथल्या स्टेट रिटर्नमध्ये परदेशी टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही.

फ्लॅट एफबीएआरमध्ये, म्हणजे परदेशातल्या बँक खात्यांची अमेरिकेला द्यायची माहिती, त्यात येत नाही, पण भाडं जमा होणारं खातं येतं. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी भरायचं, त्यात एफडी आली, आई-बाबांबरोबरचं जॉइंट खातंही आलं. रक्कम मोठी असेल तर फॉर्म ८९३८ (परदेशातल्या आर्थिक मालमत्तेचा फॉर्म) पण बघा. आणि एनआरओचं व्याज शेड्यूल बीवर (व्याजाचा वेगळा फॉर्म), ते भाड्यात मिसळू नका.

भारताचं रिटर्न जुलैपर्यंत जातं आणि अमेरिकेचं एप्रिलमध्ये मागतात, त्यामुळे फॉर्म ४८६८ (मुदतवाढीचा अर्ज) भरून ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या, तोवर भारतातला आकडा पक्का होतो. मात्र मुदत फक्त फॉर्म भरायला मिळते, अंदाजे निघणारा टॅक्स १५ एप्रिललाच भरा, नाहीतर व्याज चालू होतं.